टाचणीबाईंच्या दोनशे खोट्या खुणा

टाचणीबाईंशी बोलायचं तर आधी त्यांच्या तोंडात टाचण्या किती आहेत हे बघून घ्यावं लागतं. दोन असल्या तर गप्पा होतात. पाच असल्या तर नुसते हुंकार मिळतात आणि त्यांचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा. पण बाईंनी सगळ्या टाचण्या तोंडातून काढून मनगटावरच्या उशीत टोचल्या, की शहाण्या माणसाने चपला शोधायला लागावं. आता जे काही येणार ते कुठेही न अडता येणार. चाळीस वर्षांत असं फार वेळा झालेलं नाही. एकदा लेकीच्या लग्नाच्या बैठकीत, एकदा घरमालकाने पाणी तोडलं तेव्हा, आणि मग त्या एका वर्षी नऊ दिवसांत दोनदा. त्यातली दुसरी वेळ माफी मागण्याची होती, आणि ती ऐकायला घरच्यांखेरीज गल्लीतलं कोणीच हजर नव्हतं, ही हळहळ अजून पुष्कळांना आहे.

बाईंचं दुकान किनाऱ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत, लाँड्रीच्या मागे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. खिडकी एकच, आणि लाँड्रीच्या वाफेने तिलाही सदा घाम फुटलेला. मधोमध कापायचं टेबल इतकं मोठं, की टेबल आधी आलं आणि भिंती नंतर बांधल्या असं त्यांचे यजमान येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. बाई माणसांचे कपडे शिवत नाहीत. माणूस जाड होतो आणि दोष शिवणाऱ्याला देतो, असा त्यांचा अनुभव. त्या शिवतात दुकानांपुढची कापडी छपरं, होड्यांवरची ताडपत्री आणि किनाऱ्यावरच्या मोठाल्या छत्र्यांची कापडं. होडीचं वजन वाढत नाही आणि वाढलं तरी ती नाकारत नाही.

काम मात्र असं, की खडूची रेघ सूतभर हलली तर बाईंना रात्री झोप यायची नाही. मापात चूक नाही, खुणेत चूक नाही. अशा बाईला नवरा कसा मिळाला? तीस वर्षं बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसलेला. त्या खिडकीतून त्यांनी हजारो प्रवाशांना एकच उत्तर दिलं, "येईलच एवढ्यात." बस दहा मिनिटांत येवो नाहीतर दुसऱ्या दिवशी, उत्तर तेच. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नाही. भात कधी शिजणार, नळाला पाणी कधी येणार, डॉक्टर कधी येणार, सगळं एवढ्यातच. त्यांनी भिंतीत ठोकलेला खिळा बाई उपटून पुन्हा ठोकतात, आणि ते शेजारी उभे राहून हातोडी धरायला मदत करतात.

तिसरं माणूस म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, छत्रीवाला. वय पंचावन्न, डोक्यावर केस नाहीत, पण बहिणीच्या हिशेबी अजून नाक पुसायला शिकायचा होता. किनाऱ्यावर छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. सुट्ट्या लागल्या की दोन महिने त्याला जेवायला बसायला फुरसत नसे, आणि उरलेले दहा महिने तो उभ्यानेच जेवल्याची तक्रार करत असे. त्याच्या छत्र्यांचं कापड ताई शिवायची, फाटलेलं ताईच सांधायची. भाऊबहिणीचं जमायचं. म्हणजे दिवसातून दोनदा वाजायचं आणि तिसऱ्यांदा चहा व्हायचा.

सुट्ट्या लागायला अडीच महिने होते तेव्हाची गोष्ट. बाई एका सकाळी नव्या छत्रीचं कापड बसतंय का बघायला वाळूवरून चालल्या होत्या. अचानक पायापुढे मुठीएवढा एक पक्षी फडफडला. वाळूच्याच रंगाचा, पोट पांढरं, गळ्याशी काळी पट्टी. एक पंख लोंबत होता. बिचारा घसटत पुढे चालला होता आणि केविलवाण्या आवाजात ओरडत होता. त्या कापड टाकून त्याच्यामागे गेल्या. पाच पावलं, दहा पावलं. जवळ जावं की तो थोडा पुढे घसटायचा. चांगली चाळीस पावलं बाईंना असं मागे मागे नेल्यावर त्याने दोन्ही पंख झटकले आणि ठणठणीत उडून गेला.

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची नाटकं बघितलेली बाई. आजारी आजी, अडकलेला पगार, हरवलेली पिशवी, सगळं त्यांना पाठ. आणि या मुठीएवढ्या जिवाने त्यांना चाळीस पावलं नाचवलं. त्या तशाच उलट्या पावली निघाल्या, आपल्याच पावलांच्या ठशांवर पाय ठेवत, आणि जिथून नाटक सुरू झालं तिथे वाकून बघितलं. वाळूत एक उथळ खळगा, त्यात तीन अंडी. इतकी वाळूसारखी, की बघता बघता दिसेनाशी व्हावीत. बाईंचं पुढचं पाऊल नेमकं त्यांच्यावर पडणार होतं.

घरी येऊन त्यांनी यजमानांना सांगितलं, "मला फसवणारा तो पक्षी पहिलाच."

यजमान म्हणाले, "मी दुसरा का?"

"तुम्ही प्रयत्न केलेत."

त्या दिवसापासून बाईंना वेड लागलं असं लोक म्हणतात. कॉलेजात शिकवणारी, गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडणारी एक तरुण बाई होती, तिला सगळे पक्ष्यांची बाई म्हणत. टाचणीबाईंनी तिला गाठलं. तिने सांगितलं, हा चिखल्या. पूर्वी इथे या पक्ष्यांचे थवे असायचे. आता आख्ख्या किनाऱ्यावर चौदा जोड्या उरल्या आहेत, आणि गेली चार वर्षं एकाही जोडीचं पिल्लू उडण्याएवढं मोठं झालेलं नाही. कधी पावलाखाली, कधी चाकाखाली, कधी कुत्र्याच्या तोंडात. आई-बाप म्हातारे होतील, आणि मग संपलं. हे सांगताना ती रडली नाही की तिने आवाज चढवला नाही. बाईंना तेच लागलं. चौदा हा आकडा त्यांना कापडाच्या तागाच्या शेवटच्या तुकड्यासारखा दिसला. आता कात्री चुकली तर पुन्हा आणायला दुकान नाही.

दोघी मिळून नगरपालिकेत गेल्या. तिथल्या खोलीत पंखा एकच होता आणि तो अध्यक्षांच्या डोक्यावर. बाकीचे घामाघूम होते, त्यामुळे निर्णय लवकर झाला. खडकापासून दिव्याच्या खांबापर्यंत दोनशे पावलांचा पट्टा दोरी बांधून बंद करायचा. पण नुसती चाचणी म्हणून. सुट्ट्या लागण्याच्या आदल्या दिवशी दुपारी एकपर्यंत तिथलं निदान एक पिल्लू उडालेलं नगरपालिकेच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तर दोरी दरवर्षी बांधली जाईल. नाही बघितलं, तर दोरी सुटेल ती कायमची, आणि जागा पहिल्यासारखी वापरात येईल.

वापर कोणाचा? छत्रीवाल्याचा. तो पट्टा म्हणजे त्याची सगळ्यात चांगली जागा. सपाट वाळू, वारा कमी, आईस्क्रीमची गाडी जवळ. तो सभेत मागच्या बाकावर बसला होता. ताईने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. घरी गेल्यावर त्याने बायकोला सांगितलं की आजपासून आपल्याला बहीण नाही, आणि तेवढं सांगून जेवायला बसला. दुसऱ्या दिवसापासून तो बहिणीशी बोलायचा तो बायकोमार्फत. भावजय बिचारी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निरोप पोचवायची. "वन्सं, हे विचारतायत, निळ्या छत्रीचं कापड झालं का, आणि म्हणतायत की मी विचारलं असं सांगू नको." बाई पाच टाचण्यांतून हुंकारायच्या, आणि भावजय तो हुंकार जपून घरी न्यायची.

दोरीच्या आत तीन घरटी सापडली. आणि इथे बाईंनी ती चूक केली, जी करायला त्यांच्याइतकंच नीटस माणूस लागतं.

दोरीच्या आत कधी नगरपालिकेचा झाडूवाला यायचा, कधी कोणाचा चेंडू आणायला मोठी माणसं घुसायची. अंडी तर दिसत नाहीत. म्हणून बाईंनी प्रत्येक घरट्याजवळ एक काठी रोवली आणि तिला लाल कापडाची पट्टी बांधली. पट्टीच्या कडासुद्धा दुमडून शिवलेल्या. आणि माप पक्कं. काठी जमिनीच्या बाजूला, घरटं तिथून समुद्राकडे बरोबर तीन पावलांवर. कोणालाही समजावं, चुकू नये. पहिल्या दोन काठ्या त्यांनी स्वतः रोवल्या. तिसरी रोवायला यजमानांना पाठवलं, कारण छपराचं माप घ्यायला गिऱ्हाईक आलं होतं. यजमानांनी वाटेत कोणाशी तरी गप्पा मारल्या आणि काठी घरट्यापासून अकरा पावलांवर, भलत्याच बाजूला खुपसून आले. बाईंनी ते बघितलं आणि भर रस्त्यात त्यांची अशी हजेरी घेतली की लाँड्रीवाल्याने इस्त्री खाली ठेवली. काठी त्या दुसऱ्या दिवशी नीट करणार होत्या. ते राहून गेलं.

चार दिवसांनी पहिलं घरटं रिकामं. पाचव्या दिवशी दुसरं. अंडी नाहीत, टरफलं नाहीत, वाळूवर धड खूण नाही.

बाईंना कोणाची आठवण झाली हे सांगायला नको. त्या तडक भावाच्या शेडवर गेल्या. दोनचार गिऱ्हाइकं खुर्च्या बघत होती. बाईंनी टाचण्या काढल्या, एकेक करून उशीत टोचल्या, आणि गिऱ्हाइकांदेखत भावाला म्हणाल्या, "जागा पाहिजे होती तर माझ्या तोंडावर भांडायचंस. मुक्या जिवाची अंडी उचलायची म्हणजे आईने तुला काय शिकवलं?"

 हातातली खुर्ची भावाने उघडली, मिटली, पुन्हा उघडली. भावजय म्हणाली, "वन्सं, अहो." तेवढंच. बाई परत आल्या, आणि त्या दिवशी त्यांनी शिवलेल्या ताडपत्रीची कड वाकडी आली. लाँड्रीवाल्याने स्वतः बघितली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाई घडीची खुर्ची घेऊन दोरीशी जाऊन बसल्या. चोराला हातोहात पकडायचा बेत होता. चोर आला तो दिव्याच्या खांबावरून. काळाभोर, टपोरा कावळा. तो उतरला तो थेट तिसऱ्या काठीपाशी, म्हणजे यजमानांच्या. काठीकडे बघितलं, मान तिरकी केली, आणि समुद्राच्या दिशेने चालायला लागला. बाईंच्या पावलाने तीन पावलं होतील तेवढं अंतर चालला आणि थांबला. वाळूत चोच घातली. काही नाही. परत काठीपाशी आला, पुन्हा तेवढंच अंतर मोजून गेला, पुन्हा चोच घातली. असं चार वेळा. माप एकदाही चुकलं नाही.

बाईंच्या पायाखालची वाळू सरकली, तीही त्या खुर्चीत बसलेल्या असताना. त्यांनी खुणा माणसांसाठी केल्या होत्या, आणि त्या वाचल्या कावळ्याने. लाल पट्टी दिसली की तीन पावलं चाला, जेवण वाढलेलं आहे. बाईंनी स्वतःच्या हाताने, कडा दुमडून, पाटी लावून ठेवली होती. आणि तिसरं घरटं वाचलं होतं ते केवळ नवऱ्याच्या ढिसाळपणाने.

हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा यजमान चहा पीत होते.  एरवी चार घोटांत संपणारा तो कप त्यांनी त्या दिवशी पाऊण तास पुरवला.

पक्ष्यांची बाई म्हणाली, काकू, काठ्या काढून टाकू. बाई म्हणाल्या, काढल्या तर तो म्हणेल आज हॉटेल बंद दिसतंय, उद्या बघू. वाचलेलं घरटं शोधत तिथेच घुटमळत राहील. आणि पुढच्या वर्षी काठी रोवली की हा पुन्हा हजर. "मला काठी काढायची नाही. मला त्याचा काठीवरचा विश्वास काढायचाय."

त्यासाठी खूप काठ्या लागणार होत्या. इतक्या काठ्या गावात एकाच माणसाकडे होत्या. छत्रीवाल्याच्या शेडमागे वीस वर्षांच्या मोडक्या छत्र्यांचा ढीग होता, आणि एकेका छत्रीला आठ काड्या.

पहिल्या खेपेनंतर बरोबर नवव्या दिवशी बाई पुन्हा त्या शेडमध्ये गेल्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कोणी नाही. भाऊ खुर्चीचा पट्टा ओवत होता. त्याने वर बघितलं नाही. बाईंनी टाचण्या काढल्या. भावजय आतल्या दारात उभी होती, तिने दाराची चौकट धरली.

"चोर दुसरा होता," बाई म्हणाल्या. "आणि त्याला मीच शिकवलं होतं. तुला नाही नाही ते बोलले, तेही चार लोकांसमोर. माझं चुकलं."

भाऊ पट्टा ओवत राहिला. शेवटचं टोक बाहेर काढून त्याने गाठ मारली, ओढून बघितली.

"किती काड्या पाहिजेत?"

"दोनशे."

"काड्या दिल्या म्हणजे जागा सोडली असं समजू नकोस, ताई."

"नाही समजत."

भावजय नंतर सांगत फिरली की 'ताई' हा शब्द ऐकून तिच्याच डोळ्याला पाणी आलं, कारण आता निरोप पोचवायची तिची पायपीट संपली.

दोनशे काड्यांना दोनशे लाल पट्ट्या बांधल्या गेल्या. रोवायची वेळ आली तेव्हा घोडं अडलं. खुणा अस्ताव्यस्त पाहिजेत, आणि बाईंच्या हाताला अस्ताव्यस्त काही येत नाही. त्यांनी रोवलेल्या पहिल्या वीस काड्या सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या. पक्ष्यांच्या बाईने हळूच सांगितलं की काकू, कावळ्याला यातही काही तरी सापडेल. बाईंनी निमूटपणे काड्या खाली ठेवल्या आणि यजमानांना बोलावलं. ते कोणाशी तरी गप्पा मारत, इकडे बघत, तिकडे बघत, हिंडत हिंडत रोवत गेले. छत्रीवाला मागून काड्यांची मोळी घेऊन. तीन तासांत पट्टा असा दिसायला लागला की तिथे कोणी तरी रागारागाने दुकान मांडून टाकून दिलंय. इतक्या वर्षांच्या संसारात बाई पहिल्यांदा म्हणाल्या, "छान जमलंय तुम्हाला."

कावळ्याचं नाव एव्हाना जावई पडलं होतं. न सांगता जेवायच्या वेळी यायचं, उत्तम तेवढं खायचं आणि हूं की चूं न करता जायचं, म्हणून. हे बाईंच्या खऱ्या जावयाच्या कानावर गेलं आणि त्याने दोन आठवडे फोन केला नाही. ते असो. पहिल्या दिवशी जावयाने एकसष्ट काड्या तपासल्या. काडी, तीन पावलं, चोच, काही नाही. बाई खुर्चीत बसून मोजत होत्या. मेहनती होता, हे त्याही कबूल करतात. दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी नऊ, तेही बेमनाने. चौथ्या दिवशी तो एका काडीच्या टोकावर बसला, पिसं साफ केली, आणि उडून आईस्क्रीमच्या गाडीमागच्या डब्याकडे गेला. तिसऱ्या घरट्यातली अंडी त्याच्यापासून चौदा पावलांवर होती.

त्यानंतर बारा दिवसांनी ती फुटली. तीन पिल्लं. कापसाचे बोळे, खाली काडेपेटीच्या काड्यांसारखे पाय. जन्मल्या दिवशीच तुरुतुरु धावायला लागलेली.

आता सुट्ट्यांना बत्तीस दिवस होते, आणि पिल्लू उडायला तीस लागतात. बाई उजाडल्यापासून जेवणापर्यंत दोरीशी बसायच्या, जेवून दुकानात जायच्या, दिवे लागले तरी मशीन चालू. होडीवाले ताडपत्रीसाठी खेटे घालून कंटाळले, पण कोणी दुसरीकडे गेलं नाही. तशी शिवण दुसरीकडे नव्हती. एक पिल्लू पाचव्या दिवशी भरतीच्या लाटेने नेलं. बाईंनी ते बघितलं, काही करता आलं नाही. दुसरं एका मोकळ्या कुत्र्याने. कुत्र्याचा मालक ओशाळून म्हणाला, कधी नाही ते निसटलं हो. बाई त्याच्याशी भांडल्या नाहीत. त्यांनी त्याच्या कुत्र्याच्या मानेचं माप घेतलं. तीन दिवसांत छपरांच्या उरलेल्या पट्टेरी कापडाचे, धरायच्या दोरीसकट, एकोणीस गळपट्टे शिवून त्यांनी किनाऱ्यावर येणाऱ्या एकूण एक कुत्र्याच्या मालकाच्या हातात दिले. फुकट दिलेली, त्यातून मापाने शिवलेली वस्तू. वापरली नाही तर उद्या बाई भेटणार. अजूनही त्या गावात कुत्रं कुठलं हे पट्ट्यावरून ओळखता येतं.

एक पिल्लू उरलं.

शेवटच्या दिवशी अकरा वाजता नगरपालिकेचा निरीक्षक बगलेत फाईल मारून आला. घट्ट बूट, बारीक मिशी, आणि उन्हाची सवय नसलेला चेहरा. एक वाजता त्याची गाडी परत जाणार होती. त्याने सांगितलं की कागदावर दोन सह्या लागतील, एक त्याची आणि एक जागेमुळे ज्याचं नुकसान होतं त्याची. म्हणजे छत्रीवाल्याची. मग म्हणाला, बाई, दाखवा पिल्लू.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. दिव्याच्या खांबावर जावई बसला होता. त्यांनी नुसतं हनुवटीने एका दिशेला सुचवलं. कावळ्यादेखत बोट न दाखवायची त्यांनी शपथ घेतली होती. निरीक्षकाने बराच वेळ वाळू न्याहाळली आणि शेवटी त्याला तो हलणारा ठिपका दिसला. ठिपका दहा पावलं धावला, थांबला, काही तरी टिपलं. पंख पसरून आळस दिला. पुन्हा मिटले.

"हे उडतंय कुठे?"

"उडेलच एवढ्यात," यजमान म्हणाले. तीस वर्षांच्या सरावाचा आवाज. निरीक्षकाने घड्याळ बघितलं.

बारा वाजले. पिल्लू धावत होतं. निरीक्षकाची कॉलर भिजली होती, बुटात वाळू गेली होती, आणि तो म्हणायला लागला की थांबून तरी काय होणार, आपण लिहून टाकू. बाईंच्या तोंडात पाच टाचण्या होत्या आणि त्या हलत नव्हत्या. चौदा जोड्या, चार वर्षं, एक पिल्लू आणि एक तास.

तेव्हा मागून छत्रीवाला आला. खांद्यावर त्याची सगळ्यात मोठी छत्री, निळी, बाईंनीच शिवलेली. त्याने ती निरीक्षकाच्या डोक्यावर वाळूत रोवली. खाली गादीची आरामखुर्ची मांडली. शेडमधून थंडगार सरबत आणून हातात दिलं, पायातले बूट काढायला लावले, पाय टेकायला उलटी बादली दिली. ज्या माणसाने सख्ख्या मेव्हण्याला कधी खुर्ची फुकट दिली नव्हती, तो हे सगळं करत होता. निरीक्षक टेकला, आणि एकदा टेकल्यावर त्याला उठवणं कठीण गेलं असतं. छत्रीवाला शेजारी वाळूत बसून त्याच्या गावचं, मुलाबाळांचं विचारत राहिला. बहिणीकडे त्याने बघितलं नाही.

बाईंनी मात्र एकदा मान वळवून त्याच्या टकलाकडे बघितलं.

पाऊण वाजला. आणि जावई उठला. कंटाळून म्हणा, भूक लागून म्हणा, काड्यांचा नाद सोडलेला असताना त्याला उघड्यावर धावणारा तो घास दिसला. तो खांबावरून तिरका उतरला. चिखलीण किंचाळत मध्ये पडली, पंख मोडल्याचं नाटक केलं. जावयाने तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही, नाटक त्याने बघितलेलं होतं. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. दोरी पोटाशी अडली, तशाच थांबल्या.

पिल्लू चार पावलं धावलं, आणि पाचवं पाऊल वाळूवर पडलंच नाही. ते वाळूपासून हातभर उंच होतं, मग दोन हात. पंख वेडेवाकडे मारत ते काड्यांच्या वरून, दोरीच्या वरून, निळ्या छत्रीच्या कडेला जवळजवळ घासून गेलं आणि तीस पावलांवर ओल्या वाळूत कोलमडत उतरलं. जावई छत्रीला बुजून वळला आणि परत खांबावर जाऊन बसला. पिल्लाने अंग झटकलं आणि काही झालंच नाही अशा थाटात टिपायला सुरुवात केली.



निरीक्षक बादलीवरून पाय खाली घेत म्हणाला, "आता याला उडणं म्हणायचं की उडी? कावळ्याने उडवलं म्हणून उडालं. नियमात काय बसतं ते बघायला लागेल."

बाईंचा हात तोंडाकडे गेला. पहिली टाचणी निघाली, दुसरी निघाली. यजमान नकळत दोन पावलं मागे सरकले. पण बाईंच्या आधी भाऊच उठला. त्याने वाळू झटकली आणि निरीक्षकाच्या मांडीवरची फाईल उघडून त्याच्यापुढे धरली.

"माझ्या छत्रीवरून गेलं साहेब. छत्री साडेसात फूट आहे. लिहा, उडालं."

निरीक्षकाने लिहिलं. सही केली. मग छत्रीवाल्याने केली, हळूहळू, एकेक अक्षर दाबून, जणू सही संपली की जागा जाणार आणि तेवढा वेळ ती अजून त्याची होती.

बाई तिथेच उभ्या होत्या. हातात दोन टाचण्या, तोंडात तीन. काही बोलायला हवं होतं आणि गल्लीतून किनाऱ्यावर जमलेली सगळी माणसं त्याचीच वाट बघत होती. बाईंनी दोन टाचण्या परत ओठांत धरल्या. मग निळ्या छत्रीच्या कडेपाशी गेल्या, कापड बोटांत घेऊन बघितलं. शिवण तिथे दोन बोटं उसवली होती.

टाचण्यांतून त्या जे म्हणाल्या ते फक्त भावाला समजलं. म्हणाल्या, संध्याकाळी दुकानात घेऊन ये, आणि जेवायलाच थांब.